दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को : अंतर कोणते धरायचे?

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातील हवाई अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर सांगितले जाते, पण या मार्गावरचे विमान त्याहून बरेच जास्त उडते. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणला तर तो हिमालय आणि सैबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवाजवळून जातो. व्यवहारात बहुधा पूर्वेची किंवा पश्चिमेची बाजू धरावी लागते.

एके काळी या प्रवासात वाटेत कुठे तरी उतरणे अटळ होते. तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियाने डिसेंबर २०१५मध्ये विनाथांबा सेवा सुरू केली, ती अटलांटिकच्या बाजूने. बाजू बदलण्याचा निर्णय पुढच्या वर्षी झाला. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी हेच विमान म्यानमार, चीन, जपान असे करीत प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० किलोमीटरवर गेले, तरी वेळ सुमारे दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. याचे कारण वारा. उंचावरचे जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे पूर्वी समोरून अडवणारा वारा आता मागून ढकलू लागला. पहाटे दिल्ली सोडलेले विमान आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून त्याच तारखेच्या सकाळी उतरू लागले. स्थानिक वेळेचा हिशेब केला तर मधे जेमतेम दोन-अडीच तास गेलेले दिसत.

निर्णय शहाणपणाचाच होता. आक्षेप घ्यायचा तो त्याबरोबर केलेल्या ‘जगातील सर्वांत लांब विनाथांबा उड्डाण’ या दाव्यावर. उड्डाणांची क्रमवारी लावताना प्रत्यक्ष कापलेला मार्ग न पाहता दोन विमानतळांमधील सर्वांत आखूड अंतर धरण्याची रूढी आहे. त्या मापाने दिल्लीची सेवा १२,४०० किलोमीटरचीच राहते आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झालेली सुमारे १४,२०० किलोमीटरची दुबई–ऑकलंड सेवा सरळ पुढे जाते. वळसा घालून विक्रम होत असेल, तर तो कोणालाही करता येईल. २०१८मध्ये नव्याने सुरू झालेल्या सिंगापूर–न्यूयॉर्क सेवेचे आखूड अंतरच सुमारे १५,३०० किलोमीटर भरले, हा आकड्यांचा गमतीदार योगायोग.

नंतर वाऱ्यापेक्षा राजकारणाने वेळ ठरवला. २०२२पासून रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झाले, भारतीयांना मात्र खुले राहिले; जून २०२३मध्ये इंजिनातील बिघाडामुळे दिल्लीहून निघालेले विमान रशियातील मगदान शहरात उतरवावे लागले, तेव्हा ही वाट सर्वसामान्यांच्या लक्षात आली. डिसेंबर २०२२मध्ये मुंबईहूनही थेट सेवा सुरू झाली आणि बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, मुले असलेल्या इथल्या आईवडिलांचा वाटेत विमान बदलण्याचा त्रास वाचला. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले. त्याच वर्षी जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारे विमान कोलकात्यात थांबा घेऊन येत होते.