दहा मीटर आणि पाव मिलिमीटर

रविवारी सकाळी आमच्या नेमबाजीच्या रेंजवर नव्या मुलांचे आईबाबा बाकावर बसलेले असतात. चहा संपला की त्यातला एखादा बाबा माझ्या टेबलाशी येतो, माझं एअर पिस्तूल न्याहाळतो आणि हळूच विचारतो, "काका, हे केवढ्याचं?" मी आकडा सांगतो. मग त्याची मान शेजारच्या लेनवरच्या मुलीकडे वळते. तिच्या हातात ऑस्ट्रियन पिस्तूल असतं. "आणि ते?" त्याच्या किमतीत माझ्यासारखी सात-आठ सहज येतील. यावर खरा प्रश्न बाहेर पडतो: "मग त्यातून छर्रा जास्त सरळ जातो का हो?"

नाही. निदान तो ज्या अर्थाने विचारतो त्या अर्थाने नाही. पण एवढ्या उत्तरावर त्याचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

आधी लक्ष्य पाहू. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मि.मी. व्यासाचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. छर्रा ४.५ मि.मी.चा. वर्तुळाच्या रेषेला त्याची कड नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणून छर्‍याचं केंद्र टार्गेटच्या मध्यापासून ८ मि.मी.च्या आत पडलं की काम झालं. (५.७५ ही वर्तुळाची त्रिज्या आणि २.२५ छर्‍याची, बेरीज आठ.) हे आठ मिलिमीटर लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यांच्याशीच आहे.

मी माझं पिस्तूल एकदा व्हाइसमध्ये, म्हणजे सुताराच्या पकडीत, आवळून दहा मीटरवरून पाच छर्रे मारून पाहिले. कागदावर पाच भोकं पडली नाहीत, एकच खडबडीत भोक पडलं आणि ते दहाच्या वर्तुळात आरामात बसलं. बर्‍या नळीचं कोणतंही टार्गेट पिस्तूल एवढं करतंच. नळीच्या आतल्या पिळदार खाचा छर्‍याला गरगर फिरवतात. छर्‍याची कंबर डमरूसारखी बारीक आणि शेपटाकडचा घेर पोकळ असतो. मागून हवेचा दाब आला की तो घेर फुलतो आणि नळीला घट्ट बसतो. तोंड चपटं असल्यामुळे कागदात पंच मशीनने पाडावं तसं स्वच्छ गोल भोक पडतं. अर्ध्या ग्रॅमचा हा शिशाचा तुकडा सेकंदाला सुमारे १३० मीटर वेगाने जाऊन दहा मीटर पार करणार, एवढंच तर काम. नळीच्या बाबतीत हा प्रश्न सुटून जमाना झाला.

मग पैसे कशात जातात? थोडे हवेत जातात. अगदी शब्दशः.

छर्रा ढकलायच्या मुख्य पद्धती चार. सगळ्यांत जुनी स्प्रिंगची: ट्रिगर दाबला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो आणि त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन छर्‍याला ढकलते. घोटाळा असा, की छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच तो जड दट्ट्या पिस्तुलाला एकदा मागे आणि एकदा पुढे हिसका देतो. साठच्या दशकात फाइनवेर्कबाउ या जर्मन कंपनीने यावर डोकं लढवलं. त्यांनी नळी आणि सिलिंडर मिळून छोट्या रुळांवर बसवले. धक्का बसला की ते रुळांवरून मागे सरकतात आणि हातातली मूठ शांत राहते. सुंदर यंत्र आहे. बाजारातल्या स्वस्त स्प्रिंग पिस्तुलांत मात्र हे रूळ नसतात आणि सगळा हिसका मनगट खातं.

दुसरी पद्धत कार्बन डायऑक्साइडची. १२ ग्रॅमची चकचकीत कुपी मुठीत बसवायची आणि मारत सुटायचं. ऐकायला फार सोयीचं वाटतं. कुपीत हा वायू द्रवरूपात असतो आणि वरच्या जागेत त्याची वाफ. वाफेचा दाब फक्त तापमानावर ठरतो: १० अंशांना सुमारे ४५ बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेएवढा दाब), २० अंशांना ५७, ३० अंशांना ७२. त्यामुळे महाबळेश्वरच्या थंडीतलं पिस्तूल आणि पुण्याच्या मार्चमधलं पिस्तूल ही जवळजवळ दोन वेगळी हत्यारं होतात. बरं, ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड कितीही दाबला तरी द्रव होतच नाही. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे कुपीतला द्रव नाहीसा झालेला असतो, दाब भराभर चढतो आणि पिस्तुलाची झडप उघडायलाच जड जाते. उलट भरभर मारत राहिलं तर द्रवाची वाफ होताना कुपी गार पडते, दाब उतरतो आणि छर्रा मंदावतो.

हे मंदावणं किती महागात पडतं, ते बघा. १३० मीटर वेगाच्या छर्‍याला दहा मीटर जायला ०.०७७ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो २.९ सेंटिमीटर खाली येतो, कारण झाडावरच्या आंब्याला लागू असलेला नियम त्यालाही लागू आहे. साइट, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची खूण, लावताना आपण ही घट धरलेलीच असते. वेग ११५ वर आला तर घट ३.७ सेंटिमीटर होते. फरक आठ मिलिमीटरचा! हात तोच, नेम तोच, आणि दहाचा नऊ झाला.

तिसरी पद्धत माझी आवडती, आणि स्वस्तात टार्गेट पिस्तूल हवं असेल तर हीच: सिंगल स्ट्रोक. दांडा एकदाच उघडायचा, एकदाच मिटायचा. सिलिंडरभर हवा एका छोट्या कप्प्यात कोंडली जाते आणि ट्रिगर दाबेपर्यंत तिथेच थांबते. सिलिंडर तेवढाच, कप्पा तेवढाच, म्हणून पैलवानाने भरली काय नि शाळकरी पोराने भरली काय, हवा तेवढीच. रशियातल्या इझेव्हस्कचं आयझेडएच ४६ एम याच पद्धतीचं. जगभरच्या हौशी नेमबाजांनी बेताच्या पैशांत याच्यावर हात बसवला. यातही वेग थोडा मागेपुढे होतो, कारण सायकलचा पंप तापतो तशी दाबलेली हवाही तापते आणि थांबलं की निवते. पण एक टक्का फरकाने छर्रा अर्धा-पाऊण मिलिमीटर वरखाली होतो. आठांपुढे त्याची काय मातब्बरी? दांडा मिटल्यावर गप्पा मारत बसायचं नाही, एवढी शिस्त पुरते.

चौथी पद्धत त्या मुलीच्या पिस्तुलातली. नळीखालच्या सिलिंडरमध्ये २०० बारने भरलेली हवा असते, म्हणजे मोटारीच्या टायरच्या साधारण शंभरपट दाब. मधला रेग्युलेटर प्रत्येक शॉटला हवा अगदी तोलून मापून देतो. साठ शॉट्सच्या स्पर्धेत साठ वेळा दांडा ओढावा लागत नाही, हा तिचा खरा फायदा. खांदा ताजा राहतो. पण छर्रा मात्र माझ्या पिस्तुलाइतकाच सरळ जातो.

आता येऊ पाव मिलिमीटरवर.

माझ्या पिस्तुलाच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये ३३ सेंटिमीटर अंतर आहे. दहा मीटर म्हणजे त्याच्या तीसपट. पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर जरी बाजूला सरकली, तरी टार्गेटवर छर्रा तीन सेंटिमीटर सरकतो. आठ मिलिमीटरच्या आत राहायचं तर इथे पाव मिलिमीटरच्या आत राहायला हवं. व्हिजिटिंग कार्डाची जाडीसुद्धा त्याहून जरा जास्तच भरते. याउलट दोन्ही साइट्स नीट जुळलेल्या ठेवून अख्खा हातच पाच मिलिमीटर सरकला तर टार्गेटवरही छर्रा पाचच मिलिमीटर सरकतो, आणि दहा शाबूत. नवा माणूस याच्या नेमकं उलटं करतो. हात डुलतोय म्हणून घाबरतो, आणि तो थोपवण्याच्या नादात मनगट वळवून बसतो. हात डुलणारच. पसरलेल्या हातात सेकंदाला आठ ते बारा वेळा होणारी बारीक थरथर निरोगी माणसाच्याही स्नायूंत असते, आणि तिच्यावर हृदयाचा ठोका. ठोक्याचा जोर उतरवणारी बीटा ब्लॉकर औषधं नेमबाजीत बंद आहेत ती म्हणूनच. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं अशाच औषधापायी परत घेतली गेली, त्यातलं एक एअर पिस्तुलाचं होतं.

साइट्स जुळल्यात की नाही हे कळायला नजर पुढच्या साइटवर हवी, टार्गेटवर नव्हे. डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघतं. टार्गेटच्या मधला काळा गोळा धूसर दिसला तरी चालतो, कारण धूसर गोळाही गोलच असतो आणि त्याचा मध्य नजरेला बिनचूक सापडतो. इथे आम्हा पन्नाशीच्या मंडळींची गोची होते. वाचायची चाळिशी लावली तर हातभर लांबची साइट पुसट, काढली तरी पुसट. त्यासाठी मधल्या नंबरचं वेगळं भिंग करून घ्यावं लागतं. मी ते करून घेतल्या आठवड्यात माझे गुण जेवढे वाढले, तेवढे कुठल्याही नव्या पिस्तुलाने वाढले नसते.

राहिला ट्रिगर, आणि महागाचं खरं रहस्य इथे आहे. नियमाप्रमाणे तो दाबायला किमान ५०० ग्रॅम जोर लागलाच पाहिजे; स्पर्धेत वजन टांगून तपासतात. महागडं पिस्तूल काचेची काडी मोडावी तसं नेमकं पाचशेवर सुटतं. स्वस्तातलं दीड किलो मागतं आणि सुटायच्या आधी घसटत, अडखळत येतं. आपलं बोट सरळ मागे येत नाही, जरा तिरकं येतं. दहा अंश तिरकं धरलं, तर पाचशे ग्रॅमपैकी बाजूला ढकलणारा जोर ८७ ग्रॅम होतो; दीड किलोपैकी २६०. किलोभराच्या पिस्तुलाला, तेही हातभर लांब एका मुठीत तोललेल्या, पाव किलोचा आडवा धक्का! पाव मिलिमीटर तिथेच उडून जातो. त्यातून साइट्स जुळल्या की लगेच दाबू, असं म्हटलं तर डोळ्याकडून बोटाकडे हुकूम पोहोचायला पाव सेकंदाच्या आसपास जातो, तोवर चित्र बदललेलं असतं. म्हणून बोटाचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा आणि शॉट सुटला की आपल्यालाच जरासं नवल वाटायला हवं.

आपली मूठ बरोबर बसेल अशी लाकडी ग्रिप हा खर्चाचा दुसरा खड्डा. कानशीने घासून आणि पुटी भरून घरी जुळवता येते. माझी तशीच आहे, दिसायला भयंकर.

एवढ्या बारकाव्यांची किंमत पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २८ जुलै २०२४ ला फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर दिसली. महिलांच्या एअर पिस्तुलात मनू भाकरने २२१.७ गुणांवर कांस्य घेतलं, दक्षिण कोरियाची किम ये-जी त्या क्षणी फक्त ०.१ ने पुढे होती. अंतिम फेरीत दशांशात गुण देतात आणि आठ मिलिमीटरचे दहा भाग करतात. म्हणजे ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. बावीस शॉट्स मिळून एवढाच फरक. त्याच ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसूफ दिकेचचा खिशात हात घातलेला फोटो जगभर फिरला. त्यात ऐट वगैरे काही नव्हती. नियमाने एकच हात वापरायचा, तर मोकळा हात लोंबकळून शरीर डुलवू नये म्हणून सगळेच तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात.

विकत घ्यायचं तर कायद्याचं एक वाक्य: आपल्याकडे बोअर (नळीचा आतला व्यास) ४.५ मि.मी.पेक्षा मोठा किंवा ऊर्जा २० जूलच्या वर असेल तर परवाना लागतो. टार्गेट पिस्तुलाची ऊर्जा चार-सव्वाचार जूल असते. किलोभर साखरेची पुडी गुडघ्याच्या जरा खालून पडली तर तेवढीच ऊर्जा होते. पुडीने पायाला फार तर ठणका लागेल. तीच ऊर्जा साडेचार मिलिमीटरच्या टोकात डोळ्यावर आली तर डोळा जातो. चष्मा घालायचाच. पोलादी गोळ्या टार्गेट पिस्तुलात घालायच्या नाहीत, त्या उसळून परत येतात आणि नळीही खराब करतात. शिसं हाताळल्यावर हात धुवून मगच डबा उघडायचा.

घरी सराव करायचा तर सलग दहा मीटर कुणाच्या फ्लॅटमध्ये असतात? माझ्याकडे पॅसेज धरून पाच आहेत. मागे तिरपा पत्रा आणि जुन्या गोधडीचे तुकडे भरलेली पेटी, पॅसेजची दारं आतून बंद. सुरुवातीला मी टार्गेट निम्म्या आकारात छापून लावलं आणि माझे गुण एकदम वाढले. दोन दिवस मी हवेत होतो. मग लक्षात आलं, टार्गेट निम्मं झालं, छर्रा कुठे झाला? त्याची कड अजून तेवढ्याच लांबून रेषेला शिवत होती. दहा मीटरवर आठ मिलिमीटर, तर पाचवर चारच हवेत. त्यातून छर्‍याची त्रिज्या वजा केली की दहाच्या वर्तुळाला व्यास उरतो ३.५ मि.मी., खुद्द छर्‍यापेक्षाही लहान. नवाच्या वर्तुळाचा व्यास काढला तर आला बरोबर ११.५. आता मी मधला काळा गोळा निम्माच ठेवतो, पण वर्तुळं या हिशेबाने काढतो. रेंजवर ज्याला शिवलं की दहा मिळतात, तेच वर्तुळ आमच्या पॅसेजमध्ये नवाचं आहे.