शॉक (वैद्यकीय)

शरीरातील पेशींना पुरेसे रक्त, आणि रक्तातून मिळणारा प्राणवायू, न पोहोचल्याने ओढवणारी जीवघेणी अवस्था म्हणजे वैद्यकीय अर्थाने शॉक. वाईट बातमी ऐकून बसणारा मनाचा धक्का वेगळा. त्यात भोवळ आली तरी माणूस आडवा केल्यावर थोड्या वेळात सावरतो. शॉकमध्ये उपचाराविना घसरण वाढतच जाते. मराठवाड्यातल्या खेड्यांत या अवस्थेला नाव नसते, वर्णन असते : ‘हातपाय गार पडले’, ‘नाडी लागंना’, ‘पांढराफटक पडला’. हे वर्णन शास्त्रालाही धरून आहे आणि रक्तदाबाचा आकडा बिघडण्याआधीच ते खरे ठरू शकते, म्हणून ते गांभीर्याने घ्यायला हवे.

रक्त कमी पडू लागले की शरीर काय करते, हे समजायला जायकवाडी धरणाचे उदाहरण जवळचे आहे. त्याच्या नाथसागर जलाशयातला साठा घटला की शेतीसाठी पाणी सोडण्याची आवर्तने थांबतात आणि उरलेले पाणी पिण्यासाठी राखून ठेवतात. शरीराचीही हीच रीत. मानेतल्या मोठ्या धमन्यांत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे चेतातंतू असतात. दाब उतरू लागला की ते मेंदूला कळवतात, आणि काही सेकंदांत अ‍ॅड्रेनॅलिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या संप्रेरकांचा अंमल सुरू होतो. हृदय वेगाने धडधडते. त्वचा, आतडी आणि मूत्रपिंडे यांच्याकडे जाणाऱ्या बारीक धमन्या आवळल्या जातात, हृदय आणि मेंदू यांचा पुरवठा मात्र शक्य तितका राखला जातो. हात गार का पडतात, याचे उत्तर हे आहे. घामाच्या ग्रंथीही याच चेतासंस्थेच्या ताब्यात असल्याने गार कातडीवर चिकट घाम सुटतो. उन्हात राबणाऱ्याचा घाम तापलेल्या अंगावर येतो, हा थंड अंगावर येतो. हाताला हा फरक लगेच कळतो. मागोमाग मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवू लागतात, लघवी कमी होते आणि तहान लागते.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. त्यातले ७५० मिलिलिटरपर्यंत गेले तरी बाहेरून फारसे काही दिसत नाही. त्यापुढे नाडी मिनिटाला १०० च्या वर जाते. पण वरचा रक्तदाब पुष्कळदा दीड लिटरच्या आसपास रक्त गेल्यावरच स्पष्टपणे उतरतो. सोयाबीनच्या सुगीत मळणी यंत्रात हात सापडलेला गडी जीपमधून दवाखान्यात आणला जातो. तो बाकावर बसतो, बोलतो, पाणी मागतो. रक्तदाब ११०/९० भरतो आणि सोबतचे म्हणतात, ‘बीपी तर ठीक हाय.’ ठीक नाही. खालचा आकडा वर चढून दोन्ही आकडे जवळ आले आहेत, म्हणजे धमन्या आवळून दाब कसाबसा टिकवला आहे. त्याच्या धडधाकट हाताचे नख दाबून सोडले तर एरवी २ सेकंदांत परतणारी लाली चार मोजेपर्यंत येत नाही. तो अस्वस्थ आहे, सारखी चुळबुळ करतो आहे. हीच वेळ हातात असते. लहान मुले आणि बाळंतिणी तर दाब आणखी बराच वेळ टिकवतात आणि मग एकाएकी कोसळतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्या वृद्धांची नाडी वाढतच नाही, त्यामुळे तिच्यावरही सर्वस्वी विसंबता येत नाही.

ही धडपड अपुरी पडली की पेशी प्राणवायूविना ऊर्जा बनवू लागतात. लॅक्टिक आम्ल साचते, ते निस्तरण्यासाठी श्वास जलद होतो, गुंगी येते. पुढे आवळलेल्या धमन्याच सैल पडतात, एकेक अवयव निकामी होतो आणि मग रक्त भरूनही माणूस परत येत नाही.

कारणे अनेक, पण मूळ बिघाड चारच प्रकारचे. पहिला, रक्तवाहिन्यांतला द्रव घटणे : अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव, हगवण-उलट्या, परभणी-नांदेडच्या मे महिन्यात अंगातले पाणी आटणे. दुसरा, हृदयाचा पंपच दुबळा होणे, जसे मोठ्या हृदयविकाराच्या झटक्यात. तिसरा, रक्तवाहिन्या फाजील सैलावणे : रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग किंवा मधमाशी, पेनिसिलिन यांची तीव्र अ‍ॅलर्जी. संसर्गात हात सुरुवातीला उबदारही लागतात, तेव्हा गार हाताची खूण फसवते. चौथा, रक्ताच्या वाटेत अडथळा, उदाहरणार्थ फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली रक्ताची गाठ.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने दगडमातीची घरे कोसळली. अशा ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसाचा शॉक फसवा असतो. भार उचलताच सुजणाऱ्या स्नायूंत द्रव ओढला जातो, आणि त्या स्नायूंतून सुटलेले पोटॅशियम व रंगद्रव्य हृदयावर आणि मूत्रपिंडांवर उतरते. म्हणून शक्य असेल तर ढिगारा हटवण्यापूर्वीच शिरेतून सलाईन सुरू करतात.

पण प्रत्येक शॉकला सलाईन लागू पडत नाही. ‘आधी सलाईन लावा’ हा नातेवाइकांचा आग्रह हगवणीत रास्त आहे. हृदय दुबळे झाले असेल तर तेच पाणी फुप्फुसांत साचते. लाल विंचवाच्या दंशात हा पेच ठळक दिसतो. विषाने अ‍ॅड्रेनॅलिनचा पूर येतो, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, आणि रक्तदाब मात्र आधी चढतो. नंतर हृदय थकून दाब कोसळतो, तोंडाला फेस येतो. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना या दंशावर प्राझोसिन हे आवळलेल्या धमन्या सैल करणारे औषध वापरात आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गावात करण्यासारखे थोडेच, पण मोलाचे आहे. वाहती जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावी आणि काय झाले ते पाहायला सारखी उघडू नये. रुग्णाला आडवे ठेवावे, धाप लागली असेल तर टेकून बसवावे. जखमी किंवा गुंगीतल्या माणसाला चहा-पाणी पाजू नये. हगवणीचा रुग्ण शुद्धीवर असेल तर १ लिटर पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट-घोट पाजावे. उष्माघातात अंग ओले करून वारा घालावा, इतर शॉकमध्ये पांघरूण घालावे. आणि १०८ ला फोन आधी करावा.

रुग्णालयात प्राणवायू, रक्त, प्रतिजैविके, दाब टिकवणारी औषधे यांतले काय द्यायचे ते कारणावर ठरते. अ‍ॅलर्जीच्या शॉकमध्ये मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनॅलिन हेच पहिले औषध. उपचार लागू पडतो आहे का, हे परिचारिका खाटेला टांगलेल्या लघवीच्या पिशवीवरून पाहते : ६० किलोच्या माणसाची ताशी ३० मिलिलिटर तरी जमायला हवी. रात्रभर कोरड्या राहिलेल्या नळीत पहाटे पिवळी धार दिसली, की मूत्रपिंडांचे बंद झालेले आवर्तन पुन्हा सुटले आहे.