पीआरपी की पीआरएफ? फरक ट्यूबमध्येच ठरतो

डेंग्यूमुळे ‘प्लेटलेट्स’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. पावसाळ्यात कुणाला ताप आला की पहिली चौकशी आकड्याची होते, आणि दीड ते साडेचार लाख म्हणजे ठीक, हेही आता बहुतेकांना पाठ झालं आहे. म्हणूनच केस गळतात म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर ‘पीआरपी करू’ असं ऐकलं, किंवा अक्कलदाढ काढताना दंतवैद्यांनी ‘पीआरएफ भरू’ म्हटलं, की मनात गोंधळ होतो. डेंग्यूत देतात त्याच का या प्लेटलेट्स? आणि पीआरपी, पीआरएफ ही एकाच गोष्टीची दोन नावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. डेंग्यूत गरज पडली तर रक्तपेढीतून दुसऱ्याच्या प्लेटलेट्स शिरेतून देतात, रक्तस्राव थांबावा म्हणून. पीआरपी आणि पीआरएफ या दोन्हींत रक्त तुमचंच असतं, ते हातातून काढून तासाभरात तुम्हालाच दुसऱ्या जागी दिलं जातं, आणि हेतू जखम भरण्याचा असतो. प्लेटलेटच्या पोटात बारीक पुटिका असतात. त्यांत पेशींना वाढायला, नव्या रक्तवाहिन्या फुटायला सांगणारी प्रथिनं असतात, त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. जखम झाली की प्लेटलेट तिथे चिकटते आणि हा साठा मोकळा करते. हाच साठा हवा तिथे नेऊन ठेवायचा, एवढीच दोन्ही उपचारांमागची कल्पना.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र नीट समजून घ्यायला हवं. कारण या दोन नावांची अदलाबदल दवाखान्यांच्या जाहिरातींतही सर्रास होते.

रक्त साकळू द्यायचं की नाही

पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, प्लेटलेट्स दाट असलेला रक्तातला पिवळसर द्रव. यात रक्त साकळू द्यायचं नसतं. म्हणून रक्त पडण्याआधीच ट्यूबमध्ये सायट्रेट असतं. रक्त साकळायला कॅल्शियम लागतं आणि सायट्रेट तेच पकडून ठेवतं. प्रमाण नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं असतं.

पीआरएफ म्हणजे प्लेटलेट-रिच फायब्रिन. यात ट्यूबमध्ये काहीही घालत नाहीत. रक्त काचेला लागताच साकळायला सुरुवात करतं, आणि ते साकळत असतानाच ट्यूब सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे जोरात फिरवून थर वेगळे करणाऱ्या मशीनमध्ये, फिरते. लाल पेशी तळाशी बसतात आणि वर फायब्रिनच्या धाग्यांचा पिवळसर गोळा तयार होतो, खरवसाच्या वडीसारखा मऊ पण चिवट. प्लेटलेट्स आणि बऱ्याच पांढऱ्या पेशी त्या जाळ्यात अडकलेल्या असतात.

म्हणजे पीआरपी हा द्रव आहे, सुईतून टोचता येतो. पीआरएफ हा गोळा आहे, चिमट्याने उचलून जखमेत ठेवता येतो. पीआरपीतल्या प्लेटलेट्स कॅल्शियम क्लोराइड घालून जाग्या केल्या, तर साठ्याचा मोठा भाग पहिल्या तासाभरातच बाहेर पडतो. पीआरएफचं जाळं विरघळेल तसा साठा झिरपत राहतो, आठवडाभर किंवा त्याहून थोडा जास्त काळ. वापराच्या जागा वेगळ्या झाल्या त्या यामुळेच.

इतिहासही याच क्रमाने घडला. 1998 मध्ये अमेरिकेतले मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्यातल्या हाडाच्या रोपणात पीआरपी वापरून दाखवलं आणि हा उपचार सर्वत्र माहीत झाला. त्या काळी द्रवाचा जेल करायला गाईच्या रक्तातलं थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त साकळवणारं प्रथिन, वापरत. ते परकं प्रथिन असल्यामुळे काही रुग्णांच्या शरीरात साकळण्याच्या घटकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होण्याचा धोका होता. 2001 मध्ये फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी बाहेरचं काहीच न घालता रक्ताला आपणहून साकळू द्यायची पद्धत मांडली. तेच पीआरएफ.

पीआरपी कसं बनतं, कुठे बिघडतं

रक्त जाड सुईने, साधारण 21 गेजच्या, एका दमात काढावं. शीर सापडत नाही म्हणून सुई आत-बाहेर झाली की प्लेटलेट्स तिथेच चिडतात आणि गुठळ्या होतात. ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. अर्धी भरली तर सायट्रेट दुप्पट होतं आणि टोचताना जळजळ वाढते. भरल्यावर ट्यूब पाच-सहा वेळा सावकाश उलटसुलट करायची. खळखळून हलवली तर लाल पेशी फुटतात.

मग दोन फेऱ्या. पहिली हलकी, 100 ते 300 जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) इतक्या बलाने सुमारे दहा मिनिटं. खाली लाल पेशी, मधे पांढुरका पातळ थर, वर पिवळा प्लाझ्मा. प्लाझ्मा आणि त्या पांढुरक्या थराचा वरचा भाग दुसऱ्या निर्जंतुक ट्यूबमध्ये काढून घ्यायचा. दुसरी फेरी जास्त जोराची, 400 ते 700 जी, दहा ते पंधरा मिनिटं. आता प्लेटलेट्स तळाशी बसतात. वरचा दोन-तृतीयांश प्लाझ्मा काढून टाकायचा आणि उरलेल्या एक-तृतीयांशात तळाचा साका अलगद मिसळायचा. दुसरी फेरी गरजेपेक्षा जोरात झाली तर तो साका मिसळतच नाही, त्याची गोळी तशीच राहते. फेरी संपताना सेंट्रीफ्यूजचा ब्रेक लावला तर थर पुन्हा ढवळतात.

इथे एक चूक फार होते. पद्धतीत ‘मिनिटाला 1500 फेरे’ लिहिलेलं असतं आणि कोणत्याही मशीनवर तेच लावलं जातं. पण बल फेऱ्यांबरोबर त्रिज्येवरही अवलंबून असतं. 8 सेंटिमीटर त्रिज्येच्या छोट्या मशीनवर 1500 फेऱ्यांनी सुमारे 200 जी मिळतात, 16 सेंटिमीटरच्या मशीनवर 400. आकडा तोच, पण बल दुप्पट, आणि प्लेटलेट्स पहिल्याच फेरीत लाल पेशींसोबत खाली जातात. वर जे उरतं ते दिसायला छान पिवळंधमक असतं, पण त्यात प्लेटलेट्स जवळपास नसतात.

म्हणून मोजणी महत्त्वाची. समजा, तुमच्या रक्तात दर मायक्रोलीटरला 2 लाख प्लेटलेट्स आहेत आणि 10 मिलिलीटर रक्त काढलं. म्हणजे एकूण 200 कोटी. चांगल्या हाताने त्यातल्या 70 टक्के, म्हणजे 140 कोटी वाचतात. हे दीड मिलिलीटरमध्ये गोळा केलं तर घनता 9 लाखांवर जाते, मूळच्या साडेचारपट. मार्क्स यांनी सांगितलेलं लक्ष्य सुमारे 10 लाखांचं होतं, त्याच्या जवळपास. तेच 4 मिलिलीटर ‘पीआरपी’ म्हणून दिलं तर घनता साडेतीन लाख होते, म्हणजे निरोगी माणसाच्या साध्या रक्ताइतकीच. एका ट्यूबमधून भरपूर पीआरपी निघतं असं कुणी सांगितलं, तर हा हिशेब आठवावा.

ट्यूबच्या टोपणाचा रंगही पाहून ठेवा. जांभळ्या टोपणाची ईडीटीएची ट्यूब (तीही रक्त साकळू देत नाही) सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजण्यासाठी असते. तिच्यात प्लेटलेट्स फुगतात, त्यामुळे उपचाराच्या पीआरपीला ती योग्य नाही. सायट्रेटचं टोपण फिकट निळं, एसीडीचं (सायट्रेटचंच दुसरं मिश्रण) पिवळं. पीआरपीला हीच चालतात.

पीआरएफची घाई

पीआरएफची कृती वाचायला सोपी आहे: साधी काचेची ट्यूब, मिनिटाला 2700 फेरे, 12 मिनिटं, झालं. प्रत्यक्षात सगळी कसोटी पहिल्या मिनिटाची असते. रक्त ट्यूबमध्ये पडल्यापासून साधारण साठ ते नव्वद सेकंदांत मशीन सुरू व्हायला हवं. उशीर झाला तर रक्त लाल पेशींसकट साकळतं आणि घट्ट पिवळ्या गोळ्याऐवजी विसविशीत, लालसर लगदा हाती येतो. तो पुन्हा फिरवून सुधारत नाही, नवीन रक्तच काढावं लागतं. म्हणून मशीन आधी उघडून, समोरासमोर तोल साधणाऱ्या ट्यूब तयार ठेवून मगच सुई लावायची.

पॅथॉलॉजी लॅबमधल्या लाल टोपणाच्या प्लॅस्टिक ट्यूबमध्ये आतून सिलिकाचा लेप असतो, रक्त लवकर साकळावं म्हणून. तिच्यातही गोळा होतो, पण सिलिकाचे कण गोळ्यात जाऊ शकतात. तपासणीला त्याने काही बिघडत नाही, मात्र जो गोळा शरीरात ठेवायचा आहे त्यासाठी साधी काचच हवी.

गोळा काढल्यावर लाल भाग कात्रीने कापतात, पण अगदी सीमेवर कापणं ही चूक आहे. प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी सर्वांत दाट तिथेच, लाल-पिवळ्याच्या सांध्यावर असतात. मिलिमीटर-दोन मिलिमीटर लाल कड गोळ्याला राहू द्यायची. पडदा हवा असेल तर छिद्रांच्या डबीत हलक्या वजनाखाली दाबून सुमारे 1 मिलिमीटर जाडीचा करतात. दोन गॉजमध्ये पिळला तर उपयोगाचा द्रव गॉजमध्येच जातो.

द्रवरूप पीआरएफही असतं, आणि गोंधळ वाढतो तो यामुळे. काही न घातलेली प्लॅस्टिकची ट्यूब, मिनिटाला 700 फेरे, फक्त 3 मिनिटं. प्लॅस्टिकला लागून रक्त सावकाश साकळतं, म्हणून वरचा मिलिलीटरभर द्रव दहा-पंधरा मिनिटं टोचता येतो. नंतर तो सिरिंजमध्येच घट्ट होतो. डोळ्यांखाली मोजक्या जागी टोचायला हा वेळ पुरतो. पण डोक्यावर सेंटिमीटर-सेंटिमीटरच्या अंतराने, दर जागी 0.1 मिलिलीटर असं शंभरेक ठिकाणी टोचायचं तर घाई होते, आणि तिथे पीआरपी सोयीचं पडतं.

कुठे काय, आणि किती आशा ठेवावी

दातांत पीआरएफचं पारडं जड आहे. खालची अक्कलदाढ काढल्यावर खड्ड्यातली गुठळी निसटून हाड उघडं पडतं, तेव्हा ठणका असह्य होतो. एक-दोन ट्यूबचं पीआरएफ खड्ड्यात भरून टाका घातला तर हा त्रास कमी होतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. हिरड्यांच्या आजारात दाताशेजारी पडलेल्या हाडातल्या खाचा, उघडी पडलेली मुळं, इम्प्लांटआधी वाढवायचं हाड, इथेही ते वापरतात. मात्र नुसत्या पीआरएफने हाडाचा मोठा खड्डा भरत नाही. त्यात हाडाची पूड लागतेच.

केसांत पीआरपीची रीत साधारण अशी: महिन्याच्या अंतराने तीन वेळा, मग सहा महिन्यांनी एकदा. आनुवंशिक टक्कल पडू लागलं आहे, केस बारीक झाले आहेत पण मुळं जिवंत आहेत, तिथे घनता वाढलेली दिसते. गुळगुळीत चकाकणाऱ्या टाळूवर काही उगवत नाही. आणि डेंग्यू, बाळंतपण किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळणारे केस बहुधा आपले आपणच परत येतात. तिथे पीआरपीवर हजारो रुपये घालण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. हे आम्ही कळकळीने सांगतो, कारण हे केस परत आले की श्रेय इंजेक्शनला जातं.

गुडघ्याचं चित्र संमिश्र आहे. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 288 रुग्णांच्या चाचणीत पीआरपी आणि नुसतं मिठाचं पाणी यांत वर्षभरानंतर वेदनेत किंवा कूर्चेत ठळक फरक निघाला नाही. त्या पीआरपीत प्लेटलेट्सच कमी होत्या, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. दुसऱ्या काही अभ्यासांत सौम्य झिजेत आराम दिसला, पण तिथे मात्रा हजार कोटी प्लेटलेट्सच्या घरात होती. वरच्या हिशेबाने त्याला सुमारे 70 मिलिलीटर रक्त लागतं. सांध्यात टोचायचं पीआरपी लालसर नसावं, कारण लाल पेशींनी सांधा सुजतो. कूर्चा पुन्हा उगवते, असा दावा कुणी केला तर विश्वास ठेवू नका.

‘स्वतःचंच रक्त, म्हणजे धोका शून्य’ हेही खरं नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत परवाना नसलेल्या एका स्पामध्ये सुयांच्या पीआरपी फेशियलमधून महिलांना एचआयव्हीची लागण झाली. त्या स्पावर 2018 मध्ये कारवाई झाली. भुवयांमध्ये आणि डोळ्यांभोवती टोचताना द्रव रक्तवाहिनीत शिरून दृष्टी गेल्याच्याही नोंदी आहेत. सुई, सिरिंज, ट्यूब तुमच्यासमोर फोडली जावी आणि ट्यूबवर तुमचं नाव रक्त काढतानाच लिहिलं जावं, असा आग्रह धरा.

प्लेटलेट्स लाखाच्या खाली असतील, रक्ताचा किंवा त्या जागेचा कर्करोग असेल, अंगात जंतुसंसर्ग असेल तर दोन्ही उपचार टाळतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पीआरएफचा गोळा नीट धरत नाही, हे दंतवैद्यांना आधीच सांगा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, कारण त्या प्लेटलेट्सचं कामच मंदावतात. नंतर दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. हृदयविकारासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका. ती बंद करायची की नाही हे तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनीच ठरवायचं.