पहिल्या पटावर कोण? ऑनलाइन बुद्धिबळातले संघ आणि प्रोफाइल: पार्श्वभूमी

सामन्याच्या आदल्या रात्री संघाचा कर्णधार एकच प्रश्न सोडवत बसलेला असतो: पहिल्या पटावर, म्हणजे सहसा सगळ्यात बलवान खेळाडूच्या जागी, कोण, आणि त्याच्या खाली कोण? गावातल्या बुद्धिबळ मंडळात हा प्रश्न फारसा अवघड नसे. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या ठिकाणी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांसमोर बसलेली. दडपण आलं की कोण घाई करतो, हरलेला डाव चिवटपणे बरोबरीत कोण सोडवतो, कामावरून सुटून यायला कुणाला उशीर होतो, हे असल्या मंडळांच्या चिटणिसांना तोंडपाठ असतं. ऑनलाइन संघात यातलं काहीही दिसत नाही. दिसतं ते एक टोपणनाव, एक झेंडा, तीन-चार आकडे आणि वरखाली जाणारा एक आलेख. मी गेली काही वर्षं असा एक छोटा मराठी संघ सांभाळतो आहे आणि माझा निम्मा वेळ प्रोफाइल वाचण्यात जातो. ओळखीच्या माणसाची जागा प्रोफाइलने कशी घेतली, हे समजून घ्यायला इंटरनेटच्या बरंच मागे जावं लागतं.

दूर बसून संघाने खेळणं ही मुळात टपालाच्या काळातली गोष्ट. १८२४ साली लंडन आणि एडिंबरा इथल्या क्लबांनी पत्राने सामना सुरू केला आणि तो १८२८ पर्यंत चालला. प्रत्येक खेळी क्लबातले जाणते लोक एकत्र बसून ठरवत. एडिंबरा जिंकलं, आणि त्या सामन्यामुळे गाजलेल्या सुरुवातीला, म्हणजे डावाच्या पहिल्या काही खेळ्यांच्या ठरावीक क्रमाला, आजही स्कॉच म्हणतात. पुढे तार आली. मोर्सची वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार १८४४ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी तिच्यावरून बुद्धिबळ खेळलं गेलं. समुद्राखालच्या केबलवरून इंग्लंड आणि अमेरिका यांचे सामने १८९६ पासून होऊ लागले. सप्टेंबर १९४५ मध्ये, महायुद्ध संपता संपता, सोव्हिएत संघ आणि अमेरिका यांनी रेडिओवरून दहा पटांचा सामना खेळला. सोव्हिएत संघाने तो साडेपंधरा विरुद्ध साडेचार असा जिंकला.

या सगळ्या सामन्यांत अंतर प्रचंड होतं, पण ओळखीचा प्रश्न नव्हता. पलीकडे पहिल्या पटावर सोव्हिएत संघाचा बोटविनिक बसला आहे म्हणजे बोटविनिकच बसला आहे. क्लब, महासंघ, पंच हे सगळे त्याचे जामीन होते.

दुसरा धागा आकड्याचा. खेळाडूची ताकद एका संख्येत, म्हणजे रेटिंगमध्ये, मांडायची पद्धत अमेरिकेत १९५० च्या सुमाराला रुळली. ती शास्त्रशुद्ध केली अर्पाद एलो यांनी. हंगेरीत जन्मलेले एलो मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत आणि स्वतः उत्तम खेळत. त्यांची पद्धत अमेरिकी महासंघाने १९६० मध्ये आणि जागतिक महासंघाने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंच्या आकड्यांतल्या फरकावरून निकालाची अपेक्षा काढायची आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून जितका वेगळा, तितके गुण वाढवायचे किंवा कमी करायचे, हे तिचं सार. या आकड्याच्या मर्यादा एलोंना पक्क्या ठाऊक होत्या. पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची जागा वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजावी, तसं हे मोजमाप आहे, अशा अर्थाची उपमा त्यांनी दिली होती. संघ लावणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. एका खेळाडूचे ४० गुण दुसऱ्यापेक्षा जास्त आहेत म्हणून त्याला वरच्या पटावर बसवताना हात जरा थांबला पाहिजे.

हे दोन धागे एकत्र आले ते जानेवारी १९९२ मध्ये. अमेरिकेत इंटरनेट चेस सर्व्हर सुरू झाला. तेव्हा ब्राउझर फारसे कुणाला ठाऊक नव्हते. काळ्या पडद्यावर अक्षरांनीच पट काढलेला असे आणि खेळी टाइप करून पाठवायची. समोरचा कोण आहे हे पाहायचं तर ‘फिंगर’ असं टाइप करून त्याचं टोपणनाव लिहायचं. ही आज्ञा युनिक्स संगणकांवरून उचललेली होती. उत्तरात काही ओळी येत: माणूस किती वेळ जोडलेला आहे, किती वेळ स्वस्थ बसला आहे, आणि खाली एक तक्ता. अतिजलद, जलद आणि संथ डावांचं वेगवेगळं रेटिंग, किती जिंकले, किती हरले, किती बरोबरीत सुटले. तक्त्याखाली क्रमांक घातलेल्या दहा रिकाम्या ओळी मिळत. त्यांत ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावं. कुणी आपलं शहर लिही, कुणी आवडती सुरुवात, कुणी ‘डाव अर्धवट सोडून जाणाऱ्यांशी खेळणार नाही’ असं बजावून ठेवी. आजच्या चकचकीत प्रोफाइलचा सांगाडा हाच आहे. झेंडा आणि चित्र नंतर आलं.

या तक्त्याने एक मोठा बदल केला, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. फिडेच्या यादीत माणसाला त्या काळी एकच आकडा होता. इथे एकाच माणसाचे तीन आकडे झाले, आणि ते एकमेकांपासून तीनशे-चारशे गुणांनी दूर असू शकत. एका मिनिटाच्या डावात वाघ असलेला खेळाडू पाऊण तासाच्या डावात मेंढरू निघतो, हे तेव्हापासून आकड्यांत दिसू लागलं. मग कर्णधारालाही विचारावं लागलं, की सामना कोणत्या वेगाचा आहे आणि यातला कोणता आकडा धरायचा?

१९९५ मध्ये वाट फुटली. कार्नेगी मेलन विद्यापीठातले डॅनियल स्लेटर यांनी सर्व्हरची जबाबदारी घेतली होती. त्यांनी तो इंटरनेट चेस क्लब या नावाने वर्गणीवर चालवायला सुरुवात केली. ज्यांनी हौसेने मदत केली होती त्यांतल्या अनेकांना हे रुचलं नाही, आणि त्यांनी फिक्स या नावाने ओळखला जाणारा मोफत सर्व्हर उभा केला. पैसे घेणारं आणि फुकट चालणारं अशी ही दोन घराणी आजपर्यंत टिकली आहेत. त्याच वर्षी मार्क ग्लिकमन यांची ग्लिको पद्धत आली. रेटिंगच्या जोडीला त्या रेटिंगवर किती भरवसा ठेवायचा याचाही एक आकडा तिने दिला. चार डाव खेळलेल्या माणसाचे १८०० आणि चार हजार डाव खेळलेल्याचे १८०० सारखे नाहीत, हे यंत्राला पहिल्यांदा सांगता आलं. लिचेस या आजच्या मोफत बुद्धिबळ साइटवर नव्या खेळाडूच्या आकड्यापुढे जे प्रश्नचिन्ह दिसतं, ते याच विचारातून आलेलं. तिथे ग्लिकोची पुढची आवृत्ती, ग्लिको-२, वापरतात आणि सुरुवात १५०० पासून होते. तरी अनेक कर्णधार ते चिन्ह न बघताच पट लावतात, मग पहिल्या पटावर नवशिका बसतो आणि सामना तिथेच हातचा जातो. दुसरी चूक म्हणजे एका साइटवरचा आकडा दुसरीकडे जसाच्या तसा धरणं. लिचेसचे १८०० आणि चेस डॉट कॉमचे १८०० ही वेगवेगळ्या तराजूंवरची वजनं आहेत.

त्या जुन्या सर्व्हरांवर संघांचीही सुरुवात झाली होती. बगहाउस या चौघांच्या प्रकारात जोडीदार नेमायची सोय होती. एकाने मारलेली सोंगटी दुसऱ्याच्या हातात जायची. फिक्सवरची टीमलीग मात्र गंभीर मामला होता. चार पट, प्रत्येकाला ४५ मिनिटं आणि खेळीमागे ४५ सेकंद. दोन देशांतल्या दोन माणसांनी आठवड्याभरात सोयीची वेळ ठरवून डाव संपवायचा. हीच वेळ घेऊन लिचेसवर पुढे जी लीग उभी राहिली तिचं नावच लिचेस४५४५. असल्या लीगचं व्यवस्थापन म्हणजे बव्हंशी घड्याळांचा हिशेब. आपल्याकडे रात्रीचे अकरा तेव्हा न्यूयॉर्कमध्ये दुपार.

प्रोफाइल नसलेल्या संघाचं काय होतं हे १९९९ मध्ये दिसलं. मायक्रोसॉफ्टच्या खेळांच्या साइटवर जगज्जेता कास्पारोव्ह एका बाजूला आणि सारं जग दुसऱ्या बाजूला असा एक डाव झाला. २१ जूनला सुरू झालेला हा डाव चार महिने चालला. ७५ हून अधिक देशांतल्या ५०,००० हून अधिक लोकांनी भाग घेतला. चार तरुण सल्लागार खेळी सुचवत आणि मतदानाने निर्णय होई. त्यांतल्या पंधरा वर्षांच्या इरिना क्रशच्या विश्लेषणाने जगाला अक्षरशः जागं ठेवलं. कास्पारोव्ह ६२ खेळ्यांत जिंकला, पण तो डाव खरोखरच थोर झाला. मात्र शेवटच्या टप्प्यात एकाच माणसाने अनेक मतं टाकल्याचे आरोप झाले. मत देणारा एकच आहे की दहा जणांच्या नावाने एक, हे सांगणारं काही नव्हतं. इतका मोठा संघ, आणि सभासदांची वहीच नाही.

अमेरिकेत २००५ मध्ये आठ शहरांच्या संघांची लीग सुरू झाली, तेव्हा यावर जुनाच उपाय केला गेला. डाव इंटरनेट चेस क्लबवर, पण प्रत्येक संघ आपल्या शहरात एका खोलीत, पंचाच्या नजरेखाली. संघाच्या सरासरी रेटिंगवर मर्यादा होती, म्हणून चार ग्रँडमास्टर घेऊन चालत नसे. खालच्या पटावर कमी रेटिंगचा पण वर चढत असलेला पोरगा शोधणं हे कर्णधाराचं खरं कसब. हीच लीग २०१७ मध्ये चेस डॉट कॉमवर प्रो चेस लीग झाली आणि जगभर पसरली. तिच्यात मुंबई मूव्हर्स नावाचा आपलाही संघ होता.

सामान्य खेळाडूपर्यंत संघ पोचवला तो चेस डॉट कॉमने. २००७ मध्ये सुरू झालेल्या या साइटवर कुणालाही गट काढता येऊ लागला. पुढे त्यांनाच क्लब म्हणू लागले. तिथल्या संथ सामन्यांत एका खेळीला दिवस मिळतात. कर्णधार आव्हान टाकतो, सभासद आपणहून नाव नोंदवतात, सामना सुरू होताच यंत्र रेटिंगप्रमाणे पट लावतं, आणि प्रत्येक जण समोरच्याशी एकाच वेळी दोन डाव खेळतो, एक पांढऱ्याने, एक काळ्याने. कर्णधाराच्या हातातून पट लावणं गेलं आणि माणसं जमवणं उरलं. फ्रेंच प्रोग्रामर तिबो द्युप्लेसी यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या लिचेसने दुसरी वाट धरली. ते मोफत आहे, देणग्यांवर चालतं आणि त्याचा कोड सर्वांना खुला आहे. तिथल्या संघ-लढतीत पट नसतातच. ठरलेल्या वेळात सभासद भराभर डाव खेळतात आणि संघातल्या आघाडीच्या ठरावीक खेळाडूंचे गुण मोजले जातात. तुम्ही पाच संघांत असाल तरी त्या संध्याकाळी एकच निवडावा लागतो.

मग २०२० आलं. टाळेबंदीत क्लब बंद पडले तेव्हा जर्मनीतल्या क्लबांनी मार्चमध्येच लिचेसवर ‘क्वारंटाइन लीग’ सुरू केली. फिडेने ऑलिंपियाड, म्हणजे देशांच्या संघांची स्पर्धा, चेस डॉट कॉमवर भरवलं. सहा पटांचा संघ: दोन पुरुष, दोन स्त्रिया, एक ज्युनियर मुलगा आणि एक ज्युनियर मुलगी. भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. संघात नागपूरची दिव्या देशमुख होती, गोव्याची भक्ती कुलकर्णी होती. उपांत्य सामन्यात पोलंडविरुद्ध कोनेरू हंपीने निर्णायक डाव जिंकला. ३० ऑगस्टच्या अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध पहिली फेरी ३-३ अशी सुटली. दुसऱ्या फेरीत जगभर इंटरनेटमध्ये मोठा बिघाड झाला, निहाल सरीन आणि दिव्या यांची जोडणी तुटली आणि घड्याळ संपून दोघं हरले. भारताने दाद मागितली आणि फिडेने दोन्ही देशांना विजेतं जाहीर केलं. मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला होता आणि आजही वाटतो. तिथे घड्याळ हरलं होतं, खेळाडू हरले नव्हते.

त्याच वर्षी प्रो चेस लीगच्या अंतिम फेरीत जिंकलेल्या आर्मेनिया ईगल्सला बाद करावं लागलं, कारण त्यांच्या एका ग्रँडमास्टरने प्रामाणिक खेळाचे नियम मोडल्याचं साइटने ठरवलं. विजेतेपद सेंट लुइसच्या संघाकडे गेलं. चार जणांच्या संघात एका प्रोफाइलवरचा विश्वास उडाला आणि उरलेल्या तिघांचे कष्ट वाया गेले. आता मोठ्या स्पर्धांत कॅमेरे लावतात, पडदा दाखवायला सांगतात, पदव्या ओळखपत्राने पडताळतात. म्हणजे १९४५ चा पंच पुन्हा खोलीत आला.

पण प्रोफाइल पुरेपूर खरं असूनही माणूस त्यात मावत नाही. आमच्या संघात एक जण आहे, संथ सामन्यांतला आमचा सगळ्यात भरवशाचा खेळाडू. गेल्या हिवाळ्यात त्याच्या आईला अचानक रुग्णालयात हलवावं लागलं. तो पंधरा दिवस मोबाइलकडे फिरकलाच नाही आणि त्याचे सगळे डाव वेळ संपून गेले. प्रोफाइलवर ‘वेळ संपून हरलेले डाव’ याची टक्केवारी असते. त्याची ती एका झटक्यात इतकी चढली की बहुतेक संघ-सामन्यांत यंत्र त्याचं नावच घेईना. नवा कर्णधार ती संख्या बघून त्याला बेफिकीर म्हणाला असता. मी त्याला फोन केला. आई घरी आल्यावर त्याने परत खेळायला सुरुवात केली, आणि टक्केवारी खाली येईपर्यंत आम्ही अट नसलेले मैत्रीचे सामने शोधून काढले. त्यांतल्या पहिल्याच सामन्यात तो दुसऱ्या पटावर खेळला आणि दोन्ही डाव जिंकला.