अमेरिकेतल्या जोडीदाराला भेटायला जाताना: बी-२ व्हिसा, कागदपत्रं आणि विमानतळावरची चौकशी

साखरपुडा झालाय, किंवा घरी अजून सांगायचंय. पण माणूस तिकडे न्यू जर्सीत आणि आपण इकडे पुण्यात. व्हिडिओ कॉलवर किती दिवस काढणार, म्हणून भेटायला जायचं ठरतं. व्हिसा हातात आला की गंगेत घोडं न्हालं, असं बहुतेक जण धरून चालतात. अमेरिकेचा कायदा तसा नाही. व्हिसामुळे तुम्हाला तिथल्या विमानतळापर्यंत जाऊन प्रवेश मागता येतो, इतकंच. आत सोडायचं की नाही आणि किती दिवसांसाठी, हे काउंटरवरचा सीबीपीचा, म्हणजे तिथल्या सीमाशुल्क आणि सीमासंरक्षण खात्याचा, अधिकारी ठरवतो. जोडीदाराला भेटायला निघालेल्यांची अडचण बहुधा याच टप्प्यावर होते.

पात्रता

भेटीसाठी बी-२ व्हिसा लागतो. आपल्याकडे तो बहुतेकदा बी-१/बी-२ असा एकत्र मिळतो. ठरावीक पगाराची किंवा वयाची अट नाही. मात्र अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(बी) नुसार प्रत्येक अर्जदार कायमचा राहायलाच येतोय, असं गृहीत धरलं जातं आणि तसं नाही हे अर्जदारानेच पटवून द्यायचं असतं. जोडीदार तिकडे असण्याला नियमात कुठेही बंदी नाही. परत यायला तुमच्याकडे कारण काय, एवढंच बघतात. नोकरी, चालू असलेलं शिक्षण, तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील, घर, धंदा यांतलं जे खरं असेल ते पुढे ठेवा.

अर्ज

डीएस-१६० हा फॉर्म ऑनलाइन भरायचा, १८५ डॉलर फी भरायची (ही रक्कम बदलते, भरण्याच्या दिवशी तपासा), मग बोटांचे ठसे आणि फोटो, आणि नंतर वकिलातीत मुलाखत. मुंबईची वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे.

फॉर्ममधला एक प्रश्न नीट वाचा: आईवडील सोडून जवळचे नातेवाईक अमेरिकेत आहेत का? लग्न व्हायचंय म्हणून मुली बिनधास्त ‘नाही’ लिहितात. पण तिथल्या व्याख्येत नवरा-बायको, मुलं, भावंडं यांच्यासोबत वाग्दत्त जोडीदारही येतो. साखरपुडा झाला असेल तर उत्तर ‘हो’. फॉर्ममध्ये गेल्या ५ वर्षांतली सोशल मीडियावरची खातीही विचारतात. इन्स्टाग्रामवर साखरपुड्याचे फोटो आणि फॉर्मवर ‘मैत्रिणीकडे चाललेय’, हे कुणाच्याही लक्षात येईल.

नातं सांगितल्याने कधी कधी व्हिसा नाकारला जातो, हे खरं आहे. तरीही लपवू नका. २१४(बी) खाली नकार आला तर पुन्हा अर्ज करता येतो. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्याचा ठपका कलम २१२(ए)(६)(सी) खाली बसला, तर प्रवेशबंदी कायमची असते आणि पुढे लग्नानंतरच्या ग्रीन कार्डालाही ती आडवी येते.

सोबत काय ठेवायचं

पासपोर्ट, परतीचं तिकीट, कंपनीकडून मंजूर रजेचं पत्र (रुजू होण्याची तारीख त्यात हवीच), पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, आणि जोडीदाराचा पत्ता, फोन, तो तिथे कोणत्या व्हिसावर आहे त्याची प्रत. हे सगळं हातातल्या बॅगेत. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी नवा करून घ्या, कारण मुक्कामाची तारीख पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच कापली जाऊ शकते.

काउंटरवर

प्रश्न साधे असतात. कशाला आलात, कुणाकडे राहणार, तो तुमचा कोण, किती दिवस, इकडे काम काय करता. ‘माझा होणारा नवरा आहे, ३ आठवडे राहणार, अमुक तारखेला ऑफिसला हजर व्हायचंय’ एवढं उत्तर पुरतं. विचारलं तेवढंच सांगा, पण खरं सांगा.

समाधान झालं नाही तर सेकंडरीत, म्हणजे वेगळ्या खोलीत सविस्तर चौकशीला बसवतात. तिथे तास-दोन तास सहज जातात. बॅग उघडतात, फोन बघू शकतात, बाहेर थांबलेल्या जोडीदाराला फोन लावून तेच प्रश्न विचारतात. ३ आठवड्यांसाठी आलेल्या मुलीच्या बॅगेत पदवीची मूळ प्रमाणपत्रं, बायोडेटाच्या प्रती, जन्मदाखला आणि वर्षभराची औषधं निघाली, तर अधिकारी काय समजेल ते सांगायला नको. आई प्रेमाने ‘असू दे, लागेल तिकडे’ म्हणत फाइल कोंबते. ती घरीच ठेवा. चॅटमध्ये ‘आता परत जायचंच नाही’ असं गमतीत लिहिलेलं असलं तरी ते तिथे गमतीत वाचलं जात नाही.

या टप्प्यावर वकील सोबत घेण्याचा हक्क प्रवाशाला नसतो. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागा, त्यात कमीपणा नाही. जबाबावर सही करण्याआधी प्रत्येक पान वाचा, चुकलेलं दुरुस्त करायला सांगा.

प्रवेश नाकारायचं ठरलं तर पुढे दोन वाटा असतात. एक, प्रवेशाची विनंती मागे घेऊन परतणं. व्हिसा बहुधा रद्द होतो, पण वर्षांची बंदी लागत नाही. दुसरी, तडकाफडकी हकालपट्टीचा आदेश. त्याने किमान ५ वर्षं बंदी येते. पहिली वाट देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं, पण ती मागता येते. शांतपणे मागा.

अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांची ही तपासणी अमेरिकेला जाणाऱ्या विमानात बसण्याआधी अबू धाबीतच होते. तिथे नकार आला तर पुढचं विमान नाही. तिथूनच मागे फिरावं लागतं.

आत गेल्यावर

व्हिसा १० वर्षांचा असला तरी मुक्काम आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर ठरतो. तो सहसा ६ महिन्यांचा मिळतो. सीबीपीच्या साइटवर तारीख बघून घ्या. ती उलटून १८० दिवसांहून जास्त राहिलात आणि मग देश सोडलात तर ३ वर्षं, आणि एक वर्ष किंवा जास्त राहिलात तर १० वर्षं परत जाता येत नाही.

बी-२ वर जाऊन तिथे लग्न करून मुदतीत परत येणं नियमात बसतं. लग्न करून तिथेच राहायचं मनात ठेवून बी-२ वर जाणं बसत नाही. राहायचंच असेल तर जोडीदार अमेरिकन नागरिक असल्यास के-१, म्हणजे वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा आहे. त्यासाठी तो आय-१२९एफ अर्ज करतो, गेल्या २ वर्षांत प्रत्यक्ष भेट झाल्याचा पुरावा लागतो आणि पोहोचल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं. म्हणून भेटींचे बोर्डिंग पास आणि फोटो जपून ठेवा. ग्रीन कार्डवाल्याला के-१ मागता येत नाही. जोडीदार एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर आधी कायदेशीर लग्न, मग एच-४, म्हणजे त्याच्या नवऱ्या-बायकोला मिळणारा व्हिसा. भारतात विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची तर ३० दिवसांची नोटीस आधी द्यावी लागते. त्याची रजा तेवढी मोजूनच त्याला बोलवा.

एकदा विमानतळावरून परत यावं लागलं असेल तर पुढच्या डीएस-१६० मध्ये व्हिसा नाकारला होता का, प्रवेश नाकारला होता का, विनंती मागे घेतली होती का, हे विचारतात. ‘हो’ लिहा, तारीख आणि विमानतळ द्या, आणि तेव्हा मिळालेल्या कागदांच्या प्रती मुलाखतीला सोबत न्या.