सत्तावन्नाव्या वर्षी नायक: हॅरी डीन स्टँटनच्या आधीच्या वर्षांची गोष्ट

मे १९८४ मध्ये कान महोत्सवात दिग्दर्शक विम वेंडर्सच्या ‘पॅरिस, टेक्सास’ला पाल्म दॉर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटाचा नायक हॅरी डीन स्टँटन तेव्हा ५७ वर्षांचा होता. खोल गेलेले गाल, थकलेले डोळे, अंगावर लोंबणारा कोट असा हा माणूस अमेरिकन प्रेक्षकांनी असंख्य वेळा पाहिला होता. कधी दरोडेखोर, कधी कैदी, कधी पोलीस, कधी रस्त्यात भेटणारा वाटसरू. चेहरा ओळखीचा, नाव मात्र जिभेवर येत नसे. त्या एका चित्रपटानंतर ‘उशिरा सापडलेला नट’ असं त्याच्याबद्दल बोललं जाऊ लागलं. मला ते पटत नाही. ‘पॅरिस, टेक्सास’मध्ये दिसतो तो अभिनय आधीच्या जवळपास तीस वर्षांच्या छोट्या भूमिकांमध्ये घडला होता, आणि तो घडायला त्या काळच्या धंद्याची रचनाही कारणीभूत होती.

स्टँटनचा जन्म १४ जुलै १९२६ रोजी केंटकी राज्यातल्या वेस्ट आयर्विन या लहानशा गावात झाला. वडील तंबाखूची शेती करत आणि केशकर्तनाचा व्यवसायही. आईवडिलांचं पटलं नाही, ते वेगळे झाले. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात गेला आणि रणगाडे किनाऱ्यावर उतरवणाऱ्या एका जहाजावर स्वयंपाकी झाला. १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत ते जहाज होतं. युद्धावरून परतल्यावर लेक्सिंग्टनमधल्या केंटकी विद्यापीठात त्याने पत्रकारिता आणि रेडिओ हे विषय घेतले. तिथल्या गिन्योल थिएटरमध्ये नाटकात काम केलं आणि पुढचं ठरून गेलं. पदवी अर्धवट सोडून तो कॅलिफोर्नियाला, पॅसाडीना प्लेहाउसमध्ये अभिनय शिकायला गेला. मधल्या काळात एका पुरुष गायकवृंदाबरोबर गावोगाव हिंडून गायलाही. गाणं त्याच्यासोबत शेवटपर्यंत राहिलं.

तो पडद्यावर आला तेव्हा हॉलिवूडची जुनी घडी विस्कटत होती. १९४८ च्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मोठ्या स्टुडिओंना आपली चित्रपटगृहं सोडून द्यावी लागली. वर्षानुवर्षं पगारावर नट बाळगणं त्यांना परवडेना. पूर्वीच्या चरित्र अभिनेत्याला करार असे, एका स्टुडिओची ऊब असे. स्टँटनच्या पिढीला ती मिळाली नाही. त्यांना आधार दिला टीव्हीने. १९५९ च्या सुमारास अमेरिकन टीव्हीवर पंचवीसहून अधिक वेस्टर्न, म्हणजे काउबॉय आणि दरोडेखोरांच्या, मालिका एकाच वेळी चालू होत्या. नायक ठरलेला, गाव ठरलेलं, पण दर आठवड्याला नवा गुंड, नवा साक्षीदार, नवा फरार माणूस लागायचा. ‘गनस्मोक’, ‘रॉहाइड’ अशा मालिकांमध्ये स्टँटन पुन्हा पुन्हा दिसतो तो यामुळेच. दिवस कमी, संवाद मोजके, आणि तेवढ्यात एक अख्खा माणूस उभा करायचा. कमी शब्दांत काम करण्याची सवय तिथे लागली असणार, दुसरीकडे कुठे लागेल?

त्या काळात श्रेयनामावलीत त्याचं नाव ‘डीन स्टँटन’ असं येई, कारण हॅरी स्टँटन नावाचा आणखी एक नट होता. पुढे मोठा तारा झालेल्या जॅक निकल्सनशी गट्टी जमली ती याच संघर्षाच्या दिवसांत. दोघं काही वर्षं एकाच घरात राहिले, निकल्सनच्या लग्नात स्टँटन त्याचा करवला होता. १९६६ च्या ‘राइड इन द व्हर्लविंड’ची पटकथा निकल्सनची. त्यात एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या दरोडेखोराची भूमिका त्याने मित्राला दिली आणि वर एक सल्लाही दिला: काही करू नकोस, भूमिका कपड्यांना करू दे, तू फक्त स्वतः राहा. स्टँटन पुढे मुलाखतींमध्ये हा सल्ला आवर्जून सांगायचा. पुढच्याच वर्षी ‘कूल हँड ल्यूक’मध्ये तो कैद्यांच्या टोळीत होता. तिथे तो गिटार घेऊन गातो आणि नायक पॉल न्यूमन समोर असूनही लक्ष त्याच्याकडे जातं.

सत्तरच्या दशकात तो सगळीकडे आहे. ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात एफबीआयचा माणूस, दिग्दर्शक सॅम पेकिनपाच्या वेस्टर्नमध्ये बिली द किड या गुंडाचा सोबती, ‘स्ट्रेट टाइम’मध्ये डस्टिन हॉफमनचा दरोड्यातला साथीदार. १९७९ च्या ‘एलियन’साठी रिडली स्कॉटला भेटताच त्याने सांगून टाकलं की मला विज्ञानपट आणि राक्षसांचे चित्रपट आवडत नाहीत. तरी भूमिका मिळाली. त्याने केलेला अंतराळयानातला मेकॅनिक ब्रेट मांजर शोधत साखळ्या लोंबणाऱ्या दालनात जातो आणि वरून ठिबकणारं पाणी तोंडावर घेत थांबतो. कथेला या थांबण्याची काही गरज नव्हती. पण कामावर थकलेला माणूस असाच थांबतो, आणि म्हणून पुढच्या क्षणी त्याचा मृत्यू झाल्यावर धसका बसतो.

१९८३ मध्ये सँटा फेच्या एका बारमध्ये तो नाटककार सॅम शेपर्डशी बोलत बसला होता. त्याच त्या भूमिकांचा मला कंटाळा आलाय, काहीतरी सुंदर, संवेदनशील करायचंय, असं तो बोलून गेला. काम मागण्याचा विचार त्याच्या मनात नव्हता. नंतर शेपर्डचा फोन आला. ‘पॅरिस, टेक्सास’मधला ट्रॅव्हिस तू करशील का?

ट्रॅव्हिस टेक्सासच्या वाळवंटातून चालत येतो आणि पहिली सुमारे पंचवीस मिनिटं एक शब्दही बोलत नाही. या मौनाचं कौतुक खूप झालं, ते रास्तच आहे. मला मात्र शेवटाकडचा प्रसंग त्याहून मोठा वाटतो. ट्रॅव्हिस एकतर्फी काचेपलीकडच्या आपल्या बायकोशी फोनवर बोलतो. त्याला ती दिसते, तिला तो दिसत नाही. तो खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करतो आणि आपलीच कहाणी दुसऱ्या कुणा दोघांची असल्यासारखी सांगू लागतो. मत्सर, दारू, क्रूरता सगळं येतं, पण आवाज चढत नाही, रडं येत नाही. शब्द सपाट पडत जातात आणि बायको झालेल्या नस्तास्या किन्स्कीच्या चेहऱ्यावर ओळख हळूहळू उमटते. दुसऱ्याच्या प्रसंगात आपण किती जागा घ्यायची याचा सराव ज्याने इतकी वर्षं केला, त्यालाच नायक असतानाही सहकलाकारासाठी एवढी जागा सोडता येते.

नायकाच्या भूमिकांची रांग त्यानंतरही लागली नाही. ऑस्करचं नामांकनही कधी आलं नाही. पण दिग्दर्शकांची नवी पिढी त्याच्याकडे येत राहिली, डेव्हिड लिंच तर पुन्हा पुन्हा. १९९९ च्या ‘द स्ट्रेट स्टोरी’मध्ये गवत कापायच्या यंत्रावर बसून शेकडो मैल भावाला भेटायला आलेल्या म्हाताऱ्याची कथा आहे. तो भाऊ म्हणजे स्टँटन. वाट्याला फक्त अखेरचा प्रसंग आणि मोजकी वाक्यं. ती वाक्यं कमकुवत पडली असती तर सगळा प्रवास वाया गेला असता. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तर नियमच मांडला होता की स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श दुय्यम भूमिकेत असेल तो चित्रपट पूर्ण वाईट असूच शकत नाही. १९८९ च्या एका चित्रपटाने नियम मोडल्याचं त्यांनी नंतर मान्य केलं. दोघंही असलेला चित्रपट हवा असेल तर ‘स्ट्रेट टाइम’ जरूर पाहावा.

वयाच्या नव्वदीत त्याला आणखी एक मुख्य भूमिका मिळाली, ‘लकी’. दिग्दर्शक जॉन कॅरोल लिंच स्वतः चरित्र अभिनेता. कथेतल्या लकीला त्यांनी स्टँटनचंच नौदलातलं स्वयंपाकीपण दिलं. युद्धाच्या आठवणी सांगणारा दुसरा जुना सैनिक टॉम स्केरिट आहे, ‘एलियन’मधल्या त्याच यानाचा कप्तान. वाढदिवसाच्या पार्टीत लकी स्पॅनिशमध्ये गातो, तेही स्टँटनच्या आयुष्यातूनच आलेलं आहे. लॉस एंजलिसमध्ये तो वर्षानुवर्षं मेक्सिकन गाणी गात आला होता. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, ९१ व्या वर्षी त्याचं निधन झालं. ‘लकी’ अमेरिकेत प्रदर्शित झाला त्याच महिन्याच्या २९ तारखेला.