धार लावतानाच गंज का चढतो?

पोलादी विळी पाजळली, दगड धुवायला मोरीपर्यंत जाऊन आलं, की तेवढ्यात धारेलगत नारिंगी ठिपके दिसू लागतात. महिनाभर ओट्याखाली निमूट पडलेलं पातं नेमकं धार लावतानाच का गंजावं?

वापरून वापरून पात्यावर काळपट थर बसलेला असतो. तो लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो आणि थोडंफार संरक्षणही देतो. दगड नेमका तोच खरवडतो. मग उघडं लोखंड, ओरखड्यांत साचलेलं पाणी आणि हवेतला ऑक्सिजन, गंजाला एवढं पुरतं. स्टेनलेस पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. त्याचा अदृश्य थर खरवडला तरी लगेच पुन्हा धरतो. विळी-कोयत्याच्या साध्या पोलादाला किंवा जपानी सुऱ्यांच्या शिरोगामी पोलादाला ती सोय नाही.

पात्यावर राहिलेला एकेक थेंब मला सगळ्यात घातक वाटतो. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून हे दाखवलं. थेंबाच्या कडेला हवा सहज पोचते, मध्यभागी ऑक्सिजन कमी पडतो. या फरकाने थेंबाची चिमुकली बॅटरीच होते: मधलं लोखंड विरघळतं, कडेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो आणि दोहोंच्या मधे गंजाचं कडं उमटतं. म्हणून पातं नुसतं झटकून ठेवू नये. एक बाजू झाली की पुसावं, मगच पालटावं. दगडावरचा करडा चिखलही पात्यावर वाळू देऊ नये. त्यातले पोलादाचे कण आधी गंजतात.

दगडावर घालायच्या पाण्यात लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवला, तर फार फरक पडतो. पाणी चांगलंच अल्कधर्मी होतं आणि अशा पाण्यात लोखंडावरचा ऑक्साइडचा पातळ थर टिकून राहतो. काँक्रीटमधली सळई गंजत नाही तीही सिमेंटच्या अल्कधर्मीपणामुळेच. लोखंड घासणारे कारागीर पूर्वी सोड्याचंच पाणी वापरत. खाण्याच्या सोड्याने मात्र हे साधत नाही, तो फारच सौम्य.

शेवटी साध्या पाण्याने धुवून वर कढत पाणी ओतावं. तापलेलं पातं पुसल्यावर ओरखड्यांतला उरलासुरला ओलावा आपोआप उडतो. मग तेलाचं बोट फिरवावं. जपानात त्यासाठी कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात. आपल्याकडे खोबरेल उत्तम. करडईचं तेल हवेत हळूहळू चिकट होतं, खोबरेल होत नाही. थंडीत ते गोठतं खरं, पण पात्यावर गोठलेला थरही पाणी अडवतोच.